धाबं की पत्रा

खामगावात आम्ही ज्या चाळीत राहत होतो तिला कौलं नव्हती, पत्रा नव्हता. तिच्यावर धाबं होतं. सागवानी तुळया, तुळयांवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, दाट थर आणि त्यावर वीतभर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छत, ते धाबं. वऱ्हाडात तेव्हा बहुतेक घरं अशीच असत. पण आमची चाळ दुमजली होती, खाली-वर मिळून बिऱ्हाडं पुष्कळ, आणि धाबं सगळ्यांचं मिळून एकच. उन्हाळ्यात सगळी चाळ तिथे निजायची. कुरडया, सांडगे, मिरच्या, धुतलेल्या गोधड्या तिथेच वाळायच्या. कुणाकडे पाहुणे जास्त झाले की पंगतही वरच बसायची. मी मॅट्रिकचा अभ्यास तिथे केला आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत जाडजूड इंग्रजी पुस्तकं कठड्याला पाठ लावून तिथेच वाचली.

रंगारी चाचांचं तर पोटच त्या धाब्यावर होतं. ते खालच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहत. अंगणातल्या चुलाणांवर त्यांचे रंगाचे हंडे उकळत. फेटे, पागोटी, लुगडी असं सगळं ते रंगवायचे. फेट्याचं कापड लांबलचक असतं. ते ओलं असताना कुठे दुमडलं की तिथे रंग साचतो आणि डाग राहतो. म्हणून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून, वाऱ्यावर आणि उन्हात वाळवावं लागतं. अंगणात तेवढी जागा नव्हती, रस्त्यावर बाजाराच्या गाड्यांची धूळ. धाब्यावर मात्र काठ्या रोवून चाचा आणि चाची दोन टोकांना उभे राहिले की केशरी, गुलाबी, हिरवे पट्टे हवेत फडफडायला लागत. बाजारातून येतानाच ते दिसायचे आणि आपली चाळ आली हे कळायचं.

एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून दिसत आली होती. बायकांचे सांडगे धाब्यावर पसरलेले असले तर चाचा ओलं कापड खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशी थांबायचे. सरकवा, असं कधी म्हणायचे नाहीत. माझी माय म्हणायची, या माणसाले काई सांगायला तोंडच नाही देवानं देल्लं.

माझे बाबा कापसाच्या बाजारात मापारी होते. आमच्या घरात माझ्याआधी शाळेची पायरी फारशी कुणी चढलं नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून पुढे शिकायचं तर नागपूरची गाडी धरायची. मी पहिल्यांदा नागपूरला निघालो तेव्हा चाचांनी माझ्यासाठी एक फेटा रंगवून आणला. फिक्कट गुलाबी, किंचित केशराची झाक असलेला. बाबांनी पैशाचं नाव काढलं तर ते जिना उतरून चालायलाच लागले. जाता जाता मला एवढंच बजावलं की तिकडे पाऊस आला तर फेटा काखेत घ्यायचा आणि डोकं भिजू द्यायचं. बी.ए.ची पदवी घ्यायला गेलो तेव्हाही डोक्यावर तोच फेटा होता. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या माणसांबद्दल मन भरून येतं. मी शिकलो तो एकटा नाही शिकलो. त्या चाळीनं मला शिकवलं.

पदवी घेऊन मी परत आलो आणि गावच्या हायस्कुलात मास्तर झालो. त्याच वर्षी पावसाळ्यात चाळीच्या कोपऱ्यातल्या वरच्या खोलीची तुळई खचली आणि धाब्याची माती एका बिऱ्हाडाच्या चुलीत येऊन पडली. कुणाला लागलं नाही, पण नगरपालिकेचे ओव्हरशियर साहेब आले, त्यांनी काठीनं इकडेतिकडे टोचून पाहिलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी छत नवं करा, नाहीतर चाळ रिकामी करा, असं सांगून गेले. ते पुण्याकडचे होते. आमची बोली ऐकून ओठातल्या ओठात हसायचे, पण माणूस कामाला चोख.

चाळीचे मालक कापसाचे व्यापारी. सगळे त्यांना शेटजी म्हणत. होळी झाली, बाजार जरा मंदावला, तेव्हा त्यांनी मला पेढीवर बोलावलं. मला वाटलं, त्यांच्या मुलाच्या शिकवणीचं असेल. त्यांनी समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पत्रा टाकायचा माझा विचार आहे. पण राहायचं तुम्हाला आहे. चाळीत सगळ्यांना विचार, आणि काय ते मला सांग. मागून कुरकुर नको."

मी तिथून अक्षरशः उड्या मारत निघालो. राज्यकारभार लोकांना विचारून चालावा, असं मी कॉलेजात पानंच्या पानं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या बापाला आजवर कुणी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. बाजारात त्यांना सांगत, विचारत नसत. आता त्यांच्या डोक्यावरचं छत कसं असावं हे कुणीतरी त्यांना विचारणार होतं, आणि विचारणारा मी होतो.

पुढच्या रविवारी अंगणातल्या लिंबाखाली सभा भरली. प्रत्येक बिऱ्हाडातून कर्ता पुरुष आला. बायका दाराआडून ऐकत होत्या. मी उभा राहून दोन्ही बाजू समजावल्या: पत्रा उतरता असेल, गळणार नाही, मात्र वर जाता येणार नाही. धाबं नव्यानं केलं तर वर वावरता येईल, मात्र मातीचं काम ते मातीचं. मग एकेकाला विचारत गेलो. मला वाटलं होतं, भांडण होईल. झालं उलटंच. कापसाच्या जीनमधला फिटर म्हणाला, पत्रा. त्याच्या शेजारचा पोस्टातला शिपाई म्हणाला, पत्राच बरा. माझ्या बाबांनीही खाली मान घालून पत्रा म्हटलं. मी चक्रावलो, कारण उन्हाळ्यात खोलीत निजायचं म्हटलं की बाबांचा जीव कासावीस व्हायचा.

शेवटी चाचांची पाळी आली. निदान ते तरी धाबं मागतील म्हणून मी त्यांच्याकडे आशेनं पाहत होतो. चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, पत्रा.

"चाचा, मग कापड कुठं वाळवाल?" मी विचारलं.

"अल्लाची जमीन मोठी हाय, मास्तर. तुमी शेटजीले पत्रा सांगा." आणि ते हसून खाली बसले.

सगळ्यांचं एकमत झालं होतं. पुस्तकात याला फार मोठी गोष्ट म्हणतात. तरी माझं मन मानत नव्हतं. मी शेटजींना निरोप दिला, ते खूश झाले आणि पत्रे मागवायला अकोल्याच्या व्यापाऱ्याला कळवतो म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात बायकांनी कुरडया घातल्या. पत्रा आला की धाबं संपणार, म्हणून त्या साली सगळ्यांनीच जास्तीचं वाळवण काढलं होतं. मी शाळेतून दुपारी जेवायला आलो तर माय जिन्यावरून धावतच खाली आली. हाताला कुरडईचा चीक तसाच होता. तिनं मला दारातच धरलं आणि वर काय झालं ते एका दमात सांगितलं.

झालं होतं असं. धाब्याच्या दुसऱ्या टोकाला चाची त्यांच्या दोऱ्या आणि काठ्या सोडून बोचकं बांधत होत्या. मायनं विचारलं, आतापासूनच काऊन आवरून राह्यल्या? चाचींनी आधी बोचक्याची गाठ आवळली. मग म्हणाल्या की आम्ही आता बऱ्हाणपूरला चाललो, माझ्या भावाकडे. त्याच्याकडे वाळवायला नदीकाठ आहे. इथे आता कापड कुठं टाकावं? नाल्यावर न्यायचं तर तिथे पोचेपर्यंत ओल्या कापडाचा रंग फुटतो.

माय म्हणाली, मग तुमच्याच घरच्यानं त् पत्रा मांगतला.

"मांगतला," चाची म्हणाल्या. "तुमच्या वरच्या खोल्या गळतात. पोरं रात्रभर कोपऱ्यात बसून राह्यते. आमच्या चार कपड्यासाठी तुमी काऊन भिजावं?"

माय कुरडईचा सोऱ्या खाली ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिली. कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी, मला न कळवता, आपसात वेगळंच ठरवलं होतं. पावसाळ्यात धाब्याच्या पन्हाळांतून गढूळ पाणी अंगणात पडायचं ते नेमकं चाचांच्या हंड्यांत. रंगाचा एक एक घाणा वाया जायचा. चाचा तोंडातून शब्द काढायचे नाहीत, हंडा ओतून द्यायचे आणि पुन्हा चूल पेटवायचे. म्हणून बाबा, फिटर, शिपाई सगळ्यांनी म्हटलं होतं की आपलं निजणं राहिलं तर राहिलं, कापड नाल्यावरही वाळेल, पण त्या माणसाच्या पोटावर माती नको पडायला. पत्रा मागू.

वरच्यांनी खालच्यासाठी पत्रा मागितला होता आणि खालच्यानं वरच्यांसाठी. पत्रा कुणालाच नको होता.

ते ऐकून मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चाचा चालले होते. लहानपणापासून पाहिलेले ते केशरी-गुलाबी पट्टे बऱ्हाणपूरला जाणार होते, आणि तेही कुणाला नको असताना. मी जेवलो नाही. टोपी विसरलो. भर उन्हात बोडक्या डोक्यानं पेढीवर जाऊन उभा राहिलो. शेटजी गादीवर लवंडले होते. मी सांगत गेलो तसे ते उठून बसले. आधी वैतागले, मग त्यांची मिशी हलायला लागली.

"म्हणजे सगळे खोटं बोलले," ते म्हणाले.

मी म्हटलं, खोटं नाही, सगळे दुसऱ्याचं बोलले. आपलं कुणीच नाही.

पत्र्याची मागणी अजून गेली नव्हती. शेटजींनी ती थांबवली आणि संध्याकाळी ओव्हरशियर साहेबांना बरोबर घेऊन स्वतःच चाळीत आले. या खेपेला मी सभा लिंबाखाली न घेता धाब्यावरच बोलावली आणि बायकांनाही यायला सांगितलं. काही पुरुषांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या मायनं त्या पाहिल्या आणि मोठ्यानं म्हणाली की धाब्यावर आमी दिवसभर राह्यतो, तुमी नुसते निजाले येता. पुरुषांनी सरकून जागा केली. बायका कुरडयांच्या कडेकडेनं पदर सावरून बसल्या. ऊन उतरलं होतं, माती अजून गरम होती.

मी एकच नियम सांगितला. ज्यानं त्यानं आपल्याच घराचं बोलायचं. शेजाऱ्याचं नाव काढायचं नाही.

सोपं वाटलं होतं, पण लोकांना ते जमेना. आपल्याला काय पाहिजे हे चारचौघांत सांगायची सवयच कुणाला नव्हती. ते हावरटपणाचं वाटायचं. फिटर उठला आणि म्हणाला, "आता रंगारीचाचाले—" तसे सगळे ओरडले, आपलं बोल, आपलं. तो लाजून खाली बसला. शिपायानं सुरुवात केली तर त्याच्या तोंडून फिटरच्या पोराचा खोकला निघाला. पुन्हा हशा. शेवटी फिटरची म्हातारी आई, जिला नीट ऐकू येत नसे, तिनं सुनेला विचारलं की हे हसून काऊन राह्यले. सुनेनं कानात ओरडून सांगितलं. म्हातारीनं जमिनीवर हात आपटला.

"मले इथं निजाचं हाय. खालती मले वारा लागत नाही. झालं?"

बांध फुटावा तसं झालं. शिपायाची बायको म्हणाली, मिरच्या. बाबा म्हणाले, निजणं. कुणी म्हणालं, पोरांना खेळायला जागा. कुणी म्हणालं, वर राहो न राहो पण चुलीत माती नको पडायला बाप्पा. मी प्रत्येकाचं ऐकत होतो आणि माझी छाती फुगत होती. माझ्या बापानं आपलं म्हणणं मालकासमोर मान वर करून सांगितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चाचा मात्र कठड्याशी उभेच होते. सगळ्यांचं झालं तरी ते बोलेनात. शेवटी चाचींनीच पदराआडून म्हटलं, "बोला ना. घरी त् मले सांगता."

चाचांनी घसा साफ केला. शेटजींकडे न पाहता त्यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. त्यांचे हात नेहमीसारखे कोपरापर्यंत रंगलेले होते.

"मले धाबं पाहिजे," ते म्हणाले. "माह्या बापानं इथंच कापड वाळवलं, मी बी वाळवलं. मले बऱ्हाणपूरले जाचं नाही. मले इथंच राहाचं हाय."

ओव्हरशियर साहेबांनी वही मिटली आणि शांतपणे सांगितलं की भावना ठीक आहेत, पण मातीच्या छताची हमी मी देऊ शकत नाही. शेटजी माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. बाबा पुढे झाले. मापाऱ्याला कुठलीही गोष्ट काट्यावर घातल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी सुचवलं की एकच खण करून पाहू, खचलेल्या कोपऱ्याच्या खोलीवरचा. वर पाणी साचवू. खाली एक थेंब जरी आला तरी पत्रा टाका. आमचं म्हणणं नाही.

शेटजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, थेंब म्हणजे थेंब. शेटजी म्हणाले, कबूल. तुळई नवी मी देतो, माती तुम्ही करा.

मग जे सुरू झालं त्याची मजा काय सांगू. चाळीत बहुतेक बिऱ्हाडं आसपासच्या खेड्यांतून आलेली, आणि प्रत्येकाच्या गावचं धाबं जगात भारी. गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावरून माती गाडीनं आणली, अंगणात ढीग घातला आणि त्यात काय मिसळायचं यावर लढाई जुंपली. फिटर रोहिणखेडकडचा. तो म्हणे, कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, बारीक करून टाका, आमच्याकडे मशिदीजवळची घरं बघा, किती जुनी, थेंब येत नाही. शिपाई साखरखेर्ड्याचा. तो म्हणे, कुटारानं किडा लागतो, शेण आणि राख घाला. माझ्या मायचं माहेर उंद्रीचं. तिचं म्हणणं, मातीत काही घाला पण ती नीट तुडवली पाहिजे. उंद्रीची माती बाया तुडवतात म्हणून टिकते. फिटर म्हणाला, मग काकू, तुमीच तुडवा. माय लुगडं वर खोचून ढिगात उतरलीच.

शेवटी ठरलं की कुटारही घालायचं, शेणही आणि राखही, म्हणजे कुणाच्याच गावाचा अपमान नको. साहेब तपासायला आले तेव्हा त्यांनी ढिगाकडे पाहून विचारलं की हे नेमकं कुठल्या पद्धतीचं आहे. शेटजी म्हणाले, चाळीच्या.

तीन-चार दिवस माती भिजत ठेवली आणि रोज संध्याकाळी सगळे तुडवायला. पुरुष एका बाजूनं, बायका एका बाजूनं, पोरं मध्ये. चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि तेही उतरले. त्यांचे हात रंगाचे, पाय मातीचे. फिटर म्हणाला, चाचा, आता तुमाले वाळवा लागते. चाचा हसले. शाळेतले माझे सहकारी मास्तर रस्त्यावरून जाताना थांबले, कारण गावातला एक बी.ए. झालेला माणूस चिखलात नाचत होता. मी त्यांनाही हाक मारली. एक जण जोडे काढून आलासुद्धा.

नवी तुळई बसली, पऱ्हाट्या अंथरल्या, माती वर चढली. उतार यावेळी अंगणाकडे ठेवला नाही, मागच्या बोळाकडे फिरवला, म्हणजे पाणी हंड्यांत पडायचा प्रश्नच नको. धोपटण्यानं चोपून चोपून मातीची पाठ अशी केली की हात फिरवावासा वाटे. वैशाखातल्या उन्हानं ती चार दिवसांत टणक झाली. ज्या भेगा पडल्या त्या बायकांनी पातळ गाऱ्यानं पुन्हा भरल्या.

परीक्षेचा दिवस ठरला. सकाळपासून चाळीत लग्नघराची धांदल होती. ज्यांना जीनमध्ये जायचं होतं ते जेवणाच्या सुट्टीत पळत आले. शेटजी आले, साहेब टोपी घालून आले. चाचांनी मात्र आदल्या दिवशीच विचार करून ठेवला होता. खालच्या जमिनीवर एखादा थेंब पडला आणि शेणात जिरून गेला तर कुणाला कळणार? मग उद्या कुणी म्हणेल, तुम्ही लपवलं. म्हणून त्यांनी खोलीभर पांढरी मलमल ताणून अंथरली आणि तिच्यावर कोरड्या लाल रंगाची बारीक पूड चाळणीनं भुरभुरवली. पूड इतकी हलकी की कापड पांढरंच दिसत होतं. पण पाण्याचा टिपूस पडला की तिथे लाल फूल उमटणार. आपल्याविरुद्धचा साक्षीदार त्यांनी स्वतःच मांडून ठेवला होता.

विहिरीपासून धाब्यापर्यंत जिन्यात माणसांची रांग लागली. एरवी आमच्या चाळीत पाण्याच्या बाबतीत सोवळं-ओवळं होतं, घागरी वेगळ्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी हाताशी येईल ती घागर पुढे गेली. कुणाची घागर कुणाच्या घरी गेली हे नंतर शोधत बसावं लागलं, आणि काही सापडल्या तरी कुणी बदलून घेतल्या नाहीत. खणाच्या भोवती मातीचा बांध घातला होता. त्यात पाणी चढत गेलं, ऊन त्यात चमकायला लागलं.

मी खाली होतो. खोलीच्या भिंतींना पाठी लावून जमेल तेवढी माणसं उभी होती, बाकीची दारात, खिडकीत. सगळ्यांच्या माना वर. चाचा कापडाच्या कडेला उकिडवे बसले होते. ते मात्र छताकडे पाहत नव्हते, कापडाकडे पाहत होते. बाहेर चाचींच्या बोचक्याची गाठ अजून तशीच होती.

वरून आवाज आला, भरलं. आम्ही वाट पाहत राहिलो. छतातल्या पऱ्हाट्यांचा वास येत होता. साहेब पुढे येऊन कापडावर वाकले, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे बारकाईनं पाहत गेले.

आणि कापडाच्या मधोमध एक लाल ठिपका उमटला.

तो बघता बघता पसरला, रुपयाएवढा झाला. फिटरनं डोळे मिटून घेतले. चाचा त्या ठिपक्याकडे पाहत हळूहळू उठले आणि त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. शेटजींनी सुस्कारा सोडला. साहेबही वाईट वाटल्यासारखे दिसले. ठिपका नीट पाहावा म्हणून ते आणखी खाली वाकले, आणि पहिल्याच्या शेजारी दुसरा उमटला.

छताकडे पाहिलं तर ते कोरडं ठणठणीत.

दारातून चाचींचा आवाज आला. त्या परक्या पुरुषाशी कधी बोलत नसत.

"साहेब, जरा बाजूले व्हा. तुमच्याच टोपीतून गळून राह्यलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. वैशाखाचं ऊन, कोंदट खोली, डोक्यावर ती जाड टोपी. घाम भुवईवरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता आणि तिसरा थेंब तिथे लटकलेलाच होता. क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग साहेबच हसायला लागले. टोपी काढून त्यांनी छातीशी धरली आणि मागे सरकले. खोली, जिना, धाबं सगळीकडून हशा उठला. वरच्यांना काय झालं ते कळत नव्हतं, तरी तेही हसत होते. फिटरच्या म्हातारीनं पुन्हा सुनेला विचारलं, आणि सुनेला हसण्यामुळे सांगताच येईना.

आम्ही ऊन कलेपर्यंत थांबलो. बांधातलं पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं उतरत गेलं. मलमलीवर ते दोनच ठिपके राहिले. शेटजींनी साहेबांना विचारलं, मग धाबं चालेल असं लिहिणार ना?

"हाव," साहेब म्हणाले.

पुण्याच्या माणसाच्या तोंडून आमचा वऱ्हाडी होकार आला आणि पुन्हा एकदा हशा पिकला, पण हा वेगळा होता.

सबंध धाबं पूर्ण व्हायला पुढे पुष्कळ दिवस लागले. तुडवून तुडवून माझ्या पायांची सालटी निघाली. शाळेत मी लंगडत शिकवायचो आणि मुलं विचारायची, तेव्हा मी त्यांना अभिमानानं सांगायचो. मिरगाच्या आधी काम संपलं. चाचींनी बोचकं सोडून काठ्या पुन्हा रोवल्या. त्या मलमलीचं काय केलं हे मी चाचांना विचारलं, तर म्हणाले, रंगवली नाई, धुतली बी नाई. तसीच पेटीत हाय.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो मात्र त्यानंतर, पाऊस लागायच्या आधीच्या एका सकाळी. माय नेहमीसारखी सांडगे घालून धाब्यावरून खाली यायला निघाली होती. जिन्याच्या तोंडाशी चाचा खांद्यावर ओला केशरी फेटा घेऊन उभे होते. ती बाजूला झाली. तेव्हा त्या माणसानं तिला म्हटलं, "वहिनी, तुमचे सांडगे जरा त्या अंगाले सरकवा. मले जागा पाहिजे."

मायनं सांडगे सरकवले. मग खाली येऊन ती प्रत्येक दारात थांबली आणि हे सांगत सुटली.